बदललेल्या गुडघ्यातील जंतुसंसर्ग: दोन टप्प्यांच्या शस्त्रक्रियेची तयारी

बदललेल्या गुडघ्यातला जंतुसंसर्ग जुना असेल, तर बऱ्याचदा पहिल्या टप्प्यात कृत्रिम सांधा काढून तिथे अँटिबायोटिक मिसळलेल्या, हाडांसाठीच्या सिमेंटचा स्पेसर (सांध्याच्या जागी बसवलेला तात्पुरता तुकडा) ठेवतात आणि संसर्ग आटोक्यात आल्यावर, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, नवा सांधा बसवतात. त्यामुळे तयारी मधल्या काळासकट दोन्ही ऑपरेशनांची करावी.

सर्वांत आधी जुन्या ऑपरेशनची फाईल शोधावी. घरचे लोक पैशांच्या आणि वॉकरच्या मागे लागतात, पण डिस्चार्ज कार्डावर किंवा बिलाला चिकटवलेले इम्प्लांटचे स्टिकर तितकेच महत्त्वाचे असतात; त्यांवरून कंपनी, मॉडेल आणि माप कळते, आणि घट्ट बसलेला सांधा हाड न फोडता काढण्यासाठी योग्य अवजारे सर्जनला आधीच मागवता येतात.

सांध्यातले पाणी तपासणीसाठी काढायचे असेल, तर त्याआधी औषधाच्या दुकानातून स्वतःहून अँटिबायोटिक घेऊ नये. आधीपासून चालू असेल, तर डॉक्टर शक्य असल्यास ते साधारण 2 आठवडे बंद ठेवायला सांगतात, कारण गोळ्यांच्या प्रभावाखाली कल्चरमध्ये (प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) जंतू बऱ्याचदा उगवत नाहीत आणि जंतू कळला नाही की पुढचे औषध अंदाजाने निवडावे लागते. मात्र थंडी वाजून ताप येणे किंवा गुंगी येणे अशी लक्षणे असतील, तर वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे. कल्चर 14 दिवस ठेवणार का, हेही विचारून घ्यावे. काही जंतू फार सावकाश वाढतात.

साखर आटोक्यात आणावी, तंबाखू आणि विडी-सिगारेट सोडावी, किडलेले दात दाखवून घ्यावेत. रक्त पातळ करणाऱ्या आणि संधिवाताच्या गोळ्यांची यादी भूल देणाऱ्या डॉक्टरांना द्यावी. गुडघ्यावरचे केस घरी वस्तऱ्याने काढू नयेत, कारण बारीक जखमांतून जंतूंना वाट मिळते.

स्पेसर असताना पायावर किती भार द्यायचा हे सर्जन ठरवतात. जमिनीवर मांडी घालणे आणि भारतीय पद्धतीचे शौचालय मात्र बंदच. म्हणून पलंग, कमोडची खुर्ची आणि न्हाणीघरात धरायला दांडी आधीच लावून घ्यावी. शिरेतून अँटिबायोटिक बरेचदा सुमारे 6 आठवडे चालते, तेव्हा इंजेक्शन घरी कोण देणार आणि मूत्रपिंडाच्या तपासण्यांसाठी रक्त कुठे द्यायचे, हे डिस्चार्जपूर्वी ठरवावे. मेडिक्लेम असल्यास दोन्ही टप्प्यांची मंजुरी स्वतंत्र लागते का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावे. दुसऱ्या ऑपरेशनची तारीख जखम आणि रक्ताचे अहवाल पाहूनच ठरते, त्यामुळे रजा आणि पैसा दोन्हींत थोडी सैल जागा ठेवावी.