कंट्रोलरच्या क्षमतेपेक्षा जास्त पॅनेल लावताना

ढगाळ दिवसांत सोलरची बॅटरी अर्धवटच चार्ज होते. मोठा कंट्रोलर (पॅनेल आणि बॅटरीमधलं चार्जिंग सांभाळणारं यंत्र) न घेता पॅनेल वाढवता येतात, फक्त कंट्रोलर एमपीपीटी हवा, म्हणजे पॅनेलमधून जास्तीत जास्त पॉवर काढून बॅटरीच्या व्होल्टेजला बदलून देणारा. पीडब्ल्यूएम या साध्या प्रकारच्या कंट्रोलरवर हे करू नका. तो पॅनेलचा करंट जवळजवळ तसाच पुढे सोडतो.

१. व्होल्टेज आधी. पॅनेलमागच्या लेबलवरचा व्हीओसी (काहीही न जोडलेल्या पॅनेलचं व्होल्टेज) गुणिले सिरीजमधले, म्हणजे एकापुढे एक जोडलेले पॅनेल. थंडीत व्होल्टेज चढतं: २५ अंशांखाली दर अंशाला साधारण ०.३ टक्के. २२ व्होल्टचे चार म्हणजे ८८. शून्य अंशाला जवळपास ९५. १०० व्होल्टच्या कंट्रोलरला चालतात, पाचवा जोडला की कंट्रोलर जळालाच म्हणा.

२. मग मॅन्युअलमध्ये इनपुटची शॉर्ट सर्किट करंटची मर्यादा बघा. सिरीजमधल्या पॅनेलची एक रांग म्हणजे स्ट्रिंग; पॅरलल स्ट्रिंगच्या आयएससीची (लेबलवरच्या शॉर्ट सर्किट करंटची) बेरीज त्या मर्यादेच्या आत हवी. हा आकडा बहुतेक जण बघतच नाहीत.

३. वॅट जास्त झाले तरी चालतात. १२ व्होल्टच्या बॅटरीवर ३० अँपियरचा कंट्रोलर सुमारे ४२० वॅट घेतो. ६०० वॅटचे पॅनेल लावले तर भर दुपारी वरचे वाया जातात, पण सकाळ-संध्याकाळ चार्जिंग बरंच वाढतं.

तीन किंवा जास्त स्ट्रिंग पॅरलल असतील, तर प्रत्येकीला डीसी फ्यूज लावा.