कलर पिकर एकदाच लिहा: टॉवेलच्या वेबसाइटवर शिकलेलं

सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्याची वेबसाइट करायचं काम मला मिळालं, तेव्हा मी रिअॅक्ट, म्हणजे वेबसाइटची पानं बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी, नुकतंच शिकलो होतो. गिऱ्हाइकानं टॉवेलचा, काठाचा आणि विणलेल्या नावाचा रंग स्क्रीनवर निवडायचा, अशी मालकांची मागणी होती. मी टॉवेलच्या पानावर कलर पिकर, म्हणजे रंग निवडायची चौकट, लिहिला आणि तोच कोड उरलेल्या दोन पानांवर चिकटवला. पुढे काठाच्या पिकरमधली एक चूक दुरुस्त केली. दुसऱ्या दिवशी मालकांचा फोन: "काल झालं म्हणालात, नावाच्या पानावर तर तसंच आहे."

माझे वडील जकार्ड मागावर चादरी विणायचे. जकार्डवर नक्षी बदलायची तर माग बदलत नाहीत, वर चढवलेली भोकं पाडलेली कार्डं बदलतात. तिन्ही पानांचे पिकर उपसून एकच करायला बसलो तेव्हा तेच डोळ्यांसमोर होतं. कंपोनंट, म्हणजे पानाचा पुन्हा वापरता येणारा तुकडा, हा माग आणि त्याला बाहेरून दिलेली माहिती, म्हणजे प्रॉप्स, ही कार्डं. सध्याचा रंग बाहेरून यावा, बदललेला रंग ऑनचेंजमधून (रंग बदलला की बोलावलं जाणारं फंक्शन) बाहेर जावा. 'टॉवेल' हा शब्द त्या फाइलमध्ये कुठेही येता कामा नये.

नवीन असाल तर आधी ब्राउझरचाच पिकर वापरून बघा, म्हणजे टाइप 'कलर' असलेला इनपुट. साध्या फॉर्मला तो पुरतो. मात्र त्याला हॅश आणि पुढे सहा अक्षरं असाच हेक्स कोड (लाल, हिरवा, निळा यांचं प्रमाण सांगणारा) द्या. तीन अक्षरांचा छोटा कोड दिलात तर काही ब्राउझर काळा रंग दाखवतात आणि चूक कुठे आहे ते शोधण्यात तुमची संध्याकाळ जाते. शिवाय त्याची खिडकी प्रत्येक ब्राउझरमध्ये वेगळी दिसते. आमच्या मालकांना ते चालणार नव्हतं, म्हणून स्वतःचा लिहावा लागला.

मालकांनी फोन केला ती चूक अशी होती. निळा निवडायचा, पिकरच्या चौकोनातला ठिपका खाली ओढत काळ्यापर्यंत न्यायचा आणि परत वर आणायचा. निळा गायब, लाल हजर! मी आत फक्त हेक्स ठेवत होतो. पिकरचा चौकोन ह्यू (रंगचक्रावरचा कोन), सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा), व्हॅल्यू (उजळपणा) या तीन आकड्यांवर चालतो. काळ्याच्या हेक्समध्ये लाल, हिरवा, निळा तिन्ही शून्य, त्यामुळे हा काळा निळ्यातून आला की हिरव्यातून, हे त्यात उरतच नाही. हेक्सवरून उलट हिशेब केला की ह्यू शून्य येतो आणि शून्य अंश म्हणजे लाल. राखाडी आणि पांढऱ्यालाही हेच होतं. उपाय असा की आत ते तीन आकडेच जपायचे आणि हेक्स फक्त बाहेर देताना बनवायचा. आपणच पाठवलेला हेक्स प्रॉपमधून परत आला तर आकडे पुन्हा काढायचे नाहीत. बाहेरून खरोखर वेगळा रंग आला तरच काढायचे. नवीन माणूस इथे हमखास अडकतो, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

फोनवर ठिपका ओढताना पानच सरकत होतं. ओढायच्या भागाला सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये) टच-अॅक्शन 'नन' दिलं की थांबतं. बोट चौकोनाबाहेर गेलं तरी ओढणं सुटू नये म्हणून ब्राउझरचं सेट-पॉइंटर-कॅप्चर हे फंक्शन वापरा. कीबोर्डच्या बाणांनीही रंग बदलता आला पाहिजे. ते काम शेवटी ठेवलं तर राहूनच जातं.

हे सगळं करून कारखान्यात दाखवायला गेलो. डाइंग मास्तरांनी स्क्रीन पाहिली, कपाटातून शेड कार्ड काढलं आणि म्हणाले, "यातला नंबर सांगा, तोच रंग देता येईल." त्यांचं बरोबर होतं. हेक्समध्ये १,६७,७७,२१६ रंग बसतात, पण कारखाना कार्डावरचेच रंगवतो. आणि स्क्रीन स्वतः उजेड फेकते, तर सूत पडलेला उजेड परतवतं, त्यामुळे एकच सूत ट्यूबलाइटखाली वेगळं आणि उन्हात वेगळं दिसू शकतं. मी पॅलेट नावाचा आणखी एक प्रॉप घातला. यादी दिली की चौकोनाऐवजी तेवढ्याच शेड दिसतात आणि ऑर्डरमध्ये शेड नंबर जातो. तिन्ही पानांसाठी बदल एकाच फाइलमध्ये झाला, तासाभरात. ही कारखान्याची अडचण मालकांना आधी विचारली असती तर तो चौकोन लिहायचं काम वाचलं असतं, म्हणून पहिल्या भेटीतच विचारा: रंग कुठूनही चालेल, की ठरलेल्यांतलाच हवा?

तुमचा पिकर तयार झाला की एकाच पानावर दोन ठेवा. दुसऱ्याच्या लेबलवर क्लिक केल्यावर पहिला उघडला, तर आयडी (लेबल कोणत्या पिकरचं ते सांगणारं नाव) कोडमध्ये कायमचा लिहून ठेवलाय. रिअॅक्ट १८ पासून त्यासाठी प्रत्येकाला वेगळा आयडी देणारं यूज-आयडी हे फंक्शन आहे. मग दोन्ही ठिपके काळ्यापर्यंत ओढून परत आणा, एकदा माउसनं आणि एकदा फोनवर बोटानं.