चान्स घ्यायचाय? मग तीन महिने आधी सुरुवात करा, आणि दोघांनीही

आपल्याकडे तयारी कधी सुरू होते, तर पाळी चुकल्यावर. किट आणायचं, दोन रेघा आल्या की डॉक्टर, मग फोलिकची गोळी. पण बाळाचा मेंदू आणि मणका जिच्यातून तयार होतो ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण 28 दिवसांत बंद पण झालेली असते, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे, आणि बऱ्याच जणींना तोवर पत्ताही नसतो. म्हणून फोलिक अ‍ॅसिड रोज 400 मायक्रोग्रॅम, चान्स घ्यायच्या किमान एक महिना आधीपासून, तीन महिने मिळाले तर उत्तम. डायबेटीस असेल किंवा आधीच्या बाळाला या नळीचा दोष होता असं असेल तर डोस वेगळा लागतो, तो डॉक्टरच ठरवणार.

सुरुवातीचे दिवस महत्त्वाचे असण्याचं दुसरं कारण म्हणजे एपिजेनेटिक्स, ते काय ते थोडक्यात. जीन्स तेच राहतात, पण कुठला जीन किती चालायचा हे ठरवणाऱ्या रासायनिक खुणा त्यांच्यावर असतात, आणि गर्भ राहतो त्या सुरुवातीच्या दिवसांत यातल्या बहुतेक खुणा पुसल्या जाऊन नव्याने बसतात. हॉलंडमध्ये 1944-45 च्या हिवाळ्यात भयंकर उपासमार झाली होती. त्या काळात ज्यांचा गर्भ राहिला त्यांच्या वाढीशी संबंधित एका जीनवरच्या खुणा साठ वर्षांनीसुद्धा त्यांच्या सख्ख्या भावंडांपेक्षा कमी सापडल्या, आणि ज्यांच्या आयांची उपासमार गरोदरपणाच्या शेवटी झाली त्यांच्यात हा फरक दिसला नाही. म्हणजे सातव्या महिन्यात केलेले लाड पहिल्या महिन्याची भरपाई करतीलच असं नाही.

या खुणा बसवायला शरीराला फोलेट (फोलिकच्या गोळीतून मिळतं ते) लागतं आणि त्याच्या जोडीला बी12. आपलं घोडं अडतं ते बी12 पाशी. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने 1993 पासून आसपासच्या गावांतल्या आया आणि मुलांचा अभ्यास केला. बाळं सरासरी 2.7 किलोची, दिसायला किरकोळ, पण चरबी मात्र टिकून. पुढे ज्या आयांचं फोलेट भरपूर आणि बी12 कमी होतं त्यांची मुलं सहा वर्षांची झाल्यावर त्यांच्यात शरीराने इन्सुलिनला दाद न देण्याचं, म्हणजे पुढे डायबेटीसकडे नेणाऱ्या गोष्टीचं, प्रमाण सगळ्यात जास्त निघालं. याचा अर्थ फोलिक बंद करा असा अजिबात नाही हां, बी12 तपासून घ्या असा आहे. शाकाहारी असाल तर दूध, दही, ताक, पनीर रोज पोटात गेलं पाहिजे, अंडं-मासे चालत असतील तर प्रश्नच नाही, आणि मोड आलेल्या मटकीत किंवा पालकात बी12 मिळतं असं कोणी कितीही छातीठोक सांगू दे, त्यावर विसंबू नका. पीसीओडीसाठी मेटफॉर्मिनची गोळी चालू असेल तर त्यानेही बी12 उतरतं, ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

महागडी पावडर लागत नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत बायकांना गर्भ राहायच्या आधीपासून पालेभाजी, फळं आणि दूध घालून केलेला साधा खाऊ रोज दिला होता, तर गरोदरपणातला डायबेटीस बटाटा-कांद्याचा खाऊ खाणाऱ्या गटात साधारण 12 टक्के आणि यांच्यात 7 टक्क्यांच्या आसपास निघाला. "डीएनए सुधारणारं" म्हणून डबे विकणाऱ्यांना नमस्कार करा आणि मेथीची जुडी आणा. चहा मात्र जेवणाला लागून नको, लोह अंगी लागत नाही.

आता नवरोबा. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिने लागतात, त्यामुळे आज सोडलेली सिगारेट, गुटखा, दारू याचा फायदा तेव्हा दिसणार. मांडीवर गरम लॅपटॉप नको, भट्टीजवळ काम असेल तर मधे मधे बाहेर या, अंडकोषांना शरीरापेक्षा थंडावा लागतो. बापाच्या खुणा बाळापर्यंत पोचतात हे उंदरांमध्ये बऱ्यापैकी दिसलंय, माणसांत पुरावा अजून तोकडा आहे, पण म्हणून सगळा पथ्याचा भार बायकोवर टाकायचा हे काही बरोबर नाही.

घरात मशेरी असेल तर ती पहिल्यांदा जाऊ दे. "धूर नाही ना, मग काय होतंय" असं म्हणतात, पण मुंबईतल्याच एका अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्या, मशेरी लावणाऱ्या आयांची बाळं सरासरी 105 ग्रॅमने हलकी भरली. चूल असेल तर निदान बाहेर किंवा खिडकीशी मांडा. जुना रंग खरवडायचं काम या दिवसांत तिच्याकडे नको, त्यात शिसं असू शकतं. पार्सलचा उकळता चहा प्लास्टिकच्या पिशवीत घेऊ नका, याचा पुरावा तंबाखूइतका पक्का नाही पण स्टीलचा डबा न्यायला काय जातंय.

एकदाच जाऊन हिमोग्लोबिन, थायरॉईड, शुगर, बी12 करून घ्या. रुबेलाची लस राहिली असेल तर घ्या आणि त्यानंतर एक महिना चान्स घेऊ नका. फिटची गोळी चालू असेल, विशेषतः व्हॅलप्रोएट, तर ती बाळाला त्रासदायक ठरू शकते, पण परस्पर बंद केली तर फिट येऊन आईच्याच जिवावर बेततं, तेव्हा गोळी बदलायची ती न्यूरोलॉजिस्टला विचारून आणि गर्भ राहायच्या आधी.