ग्रँथमला राहायला येताय? आधी पायी चालून बघा

लंडनचं भाडं झेपेना म्हणून इंग्लंडमधल्या लिंकनशायरच्या ग्रँथम गावाचा विचार करणाऱ्यांचे फोन मला अधूनमधून येतात. पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, तिकडे घर खरंच इतकं स्वस्त मिळतं का?" मिळतं. लंडनच्या हॅरो भागात आम्ही एका बेडरूमच्या फ्लॅटला जे भाडं भरत होतो, त्याहून कमी पैशांत इथे मागे परसू असलेलं अख्खं घर मिळालं. पण मी उलट विचारते, त्या घरापासून स्टेशन, बाजार आणि शाळा पायी किती मिनिटांवर आहे?

गावाच्या कडेला नव्या वसाहती झाल्या आहेत. घरं छान, गाडी लावायला जागा. पण संध्याकाळनंतर बसचा भरवसा धरता येत नाही, मग घरात दोन गाड्या लागतात. भारतातल्या लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून १२ महिनेच गाडी चालवता येते. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, आणि नवीन लायसन्सवाल्याचा विमा महाग असतो. भाड्यात वाचलेले पैसे तिथेच संपतात. त्यामुळे घर थोडं जुनं, थोडं लहान चालेल, पण स्टेशनपासून वीस मिनिटांच्या आत चालत जाता येईल असं बघा.

लंडनच्या किंग्ज क्रॉसला जलद गाडी साधारण सव्वा तासात पोचवते. आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसला जायचं असेल तर मी स्पष्ट सांगते, येऊ नका. तिकिटातच पगाराचा मोठा तुकडा जाईल. दोन दिवसांसाठी मात्र जमतं. २८ दिवसांत कोणतेही ८ दिवस चालणारा फ्लेक्सी पास निघतो, त्याचा हिशोब सुट्या तिकिटांशी ताडून पाहा.

आता ओलीबद्दल, कारण तिथे आम्ही पोळलो आहोत. आमचं पहिलं घर विटांचं जुनं टेरेस घर, म्हणजे रांगेत एकमेकांना चिकटलेल्या घरांपैकी एक होतं. ऑगस्टमध्ये पाहिलं, ऊन होतं, भिंतींना नुकताच रंग दिलेला होता. नोव्हेंबरात कपाटामागे काळी बुरशी दिसली आणि धाकट्याचा खोकला मार्चपर्यंत हटला नाही. घर बघताना एकाच भिंतीला ताजा रंग दिसला तर कारण विचारा. कपाटं उघडून वास घ्या. बाथरूमच्या पंख्याला बाहेर हवा फेकायची वाट आहे का, बॉयलरची शेवटची तपासणी कधी झाली, हे विचारायला लाजू नका. घराचं एनर्जी सर्टिफिकेट (घराला ऊर्जा किती लागते त्याचा दाखला, ए सर्वांत चांगला, जी सर्वांत वाईट) सरकारी संकेतस्थळावर फुकट बघता येतं. भाड्याच्या घराला, अपवाद सोडले तर, निदान ई दर्जा लागतोच, पण आपण सी शोधावा. आपला स्वयंपाक वाफेचा, भात-वरण रोजचं, धुणं घरात वाळत घातलेलं. त्या वाफेला वाट हवी. कुकर लावला की खिडकी किलकिली करा, आणि पहिल्या पगारातून हवेतली ओल शोषणारं यंत्र घ्या. टीव्ही नंतर.

बहुतेक घरांच्या बाबतीत डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही, आणि ते ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत ठेवून तुम्हाला त्याचे कागद द्यावे लागतात. ते कागद मागूनच घ्या. काउन्सिल टॅक्स (आपल्या घरपट्टीसारखा कर) साउथ केस्टेव्हन डिस्ट्रिक्टकडे भरायचा, शाळेचा अर्ज मात्र लिंकनशायर काउंटीकडे. घरात एकच प्रौढ असेल तर टॅक्समध्ये २५ टक्के सूट मिळते, पण अर्ज केला तरच.

आल्या आठवड्यातच डॉक्टरकडे नाव नोंदवा. पत्त्याचा पुरावा नाही म्हणून थांबू नका, नोंदणीसाठी तो सक्तीचा नाही. गावातल्या हॉस्पिटलमध्ये किरकोळ दुखापत, ताप बघतात. मोठं काही झालं तर लिंकन किंवा नॉटिंगहॅमला न्यावं लागतं. म्हातारे आई-वडील सोबत असतील तर याचा आधी विचार करा.

मुलं आठ-नऊ वर्षांची असतील तर हे नीट वाचा. लिंकनशायरमध्ये ग्रामर शाळा अजून आहेत. मुलांची किंग्ज स्कूल, जिथे न्यूटन शिकला, आणि मुलींची केस्टेव्हन अँड ग्रँथम. दोन्ही सरकारी, फी नाही, पण प्रवेशपरीक्षा इथल्या सहावीच्या (इयर सिक्स) सुरुवातीला सप्टेंबरमध्ये होते आणि नाव पाचवीतच नोंदवावं लागतं. सहावीत इथे आलेल्या एका कुटुंबाला हे माहीतच नव्हतं. त्या मुलीचा चेहरा आठवला की अजून वाईट वाटतं. माध्यमिकचा अर्ज ३१ ऑक्टोबरपर्यंत, प्राथमिकचा १५ जानेवारीपर्यंत.

किराण्यासाठी लेस्टरचा बेलग्रेव्ह रोड. गाडीने तासभर लागतो, महिन्यातून एकदा पुरतं. कढीपत्ता, ओला नारळ, ज्वारीचं पीठ तिथेच. बटाटे, कोबी, फ्लॉवर मात्र इथल्या शनिवारच्या बाजारातून घ्या. लिंकनशायर शेतीचा मुलूख आहे. बाजारातली माणसं तुम्हाला "डक" म्हणतील. आपण "बाळा", "राजा" म्हणतो तसं ते मायेचं आहे, दचकू नका. शेजारच्या सत्तरीच्या बाईंना मी आडनावाने हाक मारायचे, त्यांनीच थांबवून नावाने बोलवायला सांगितलं. जीभ वळायला मला वर्ष लागलं. पहिल्या दिवाळीत त्यांना चकल्या दिल्या, तर डबा इथल्या पांढऱ्या जिंजरब्रेडने भरून परत आला. रिकामा डबा परत देऊ नये हे त्यांनाही ठाऊक होतं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

करारावर सही करण्याआधी एकदा नोव्हेंबर ते जानेवारीतल्या शनिवारी या. सकाळी बाजार बघा. दुपारी चारला, दिवे लागताना, स्टेशनवरून त्या घरापर्यंत मुलांना घेऊन चालत जा. पाऊस असेल तर बरंच.