मलाक्काला जाताना वाटाड्या आधी ठरवा, हॉटेल मग

तयारी बॅगेपासून नको, किती रात्री राहायचं तिथून सुरू करा. मलेशियाच्या सहलीत मलाक्का बहुतेक वेळा क्वालालंपूरहून एका दिवसाची चक्कर म्हणून येतं. सकाळी बसने निघायचं, लाल इमारतींसमोर फोटो काढायचे, नदीत बोटीची फेरी, जेवण, एखादं चॉकलेटचं दुकान, की परत. मी पहिल्यांदा असाच गेलो होतो. दुकानात पाऊण तास गेला आणि सेंट पॉलच्या टेकडीसाठी जेमतेम वीस मिनिटं उरली. सहाशे वर्षांचं गाव आणि वीस मिनिटं, याची रुखरुख मला पुढच्या खेपेपर्यंत होती. म्हणून एक रात्र तरी राहाच, दोन जमल्या तर फारच छान.

निघण्यापूर्वी एका संध्याकाळी थोडा इतिहास वाचून घ्या. सगळं पाठ करायची गरज नाही, सांगाडा डोक्यात असला तरी पुरे. साधारण 1400च्या सुमारास परमेश्वर नावाच्या राजाने इथे बस्तान बसवलं. 1511मध्ये पोर्तुगीज आले, 1641मध्ये डचांनी त्यांना हुसकावलं आणि 1824च्या तहाने गाव कायमचं इंग्रजांकडे गेलं. पण हे मोठं का झालं, ते समजून घ्यायचं तर वाऱ्याकडे बघा. आपल्या बाजूची जहाजं नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर पूर्वेकडे यायची, चीनची ईशान्येच्या वाऱ्यावर खाली उतरायची आणि परतीचा वारा सुटेपर्यंत सगळ्यांना महिनोन्‌महिने थांबावं लागायचं. थांबलेल्या माणसांना वखार लागते, देऊळ लागतं, मशीद लागते, घर लागतं. इथल्या सुलतानांनी या परदेशी व्यापाऱ्यांसाठी चार शाहबंदर, म्हणजे बंदराचे अधिकारी, नेमले होते, त्यातला एक खास गुजरात्यांसाठी. गुजराती व्यापाऱ्यांचं वजन किती असेल, ते एवढ्यावरूनच कळतं.

गोव्याकडच्या वाचकांसाठी आणखी एक धागा. ज्या अफोन्सो द आल्बुकेर्कने 1510मध्ये गोवा घेतला, त्यानेच पुढच्या वर्षी मलाक्का घेतलं. इथून लूट घेऊन निघालेलं त्याचं ‘फ्लोर द ला मार’ हे जहाज सुमात्राजवळ बुडालं. नदीकाठच्या सागरी संग्रहालयाची इमारत म्हणजे त्याच जहाजाची प्रतिकृती आहे.

आता वाटाड्यासोबतची फेरी निवडण्याविषयी. नकाशावर आधी नदी शोधा, कारण गावाचे सरळ दोन भाग पडतात. एका काठाला टेकडी, किल्ला, चर्च, गव्हर्नरचं घर, म्हणजे राज्यकर्त्यांचं मलाक्का. दुसऱ्या काठाला जोंकर स्ट्रीट आणि आसपासच्या गल्ल्या, म्हणजे व्यापाऱ्यांचं. तीन तासांत दोन्ही दाखवतो म्हणणारी फेरी मी तरी घेणार नाही. दोन सकाळी, दोन वेगळ्या फेऱ्या, दोन्ही पायी. उन्हाचा चटका आणि दुपारच्या सरी लक्षात घेता साडेआठला सुरू होणारी फेरी सर्वांत बरी.

गाइडला पैसे देण्याआधी चार-पाच गोष्टी बिनधास्त विचारा. मलेशियात गाइडला पर्यटन मंत्रालयाचा परवाना लागतो आणि ओळखपत्र गळ्यात घालावं लागतं, तेव्हा परवाना आहे का, हा पहिला प्रश्न. गटात माणसं किती? दहाच्या वर गेली की मागच्यांना काही ऐकू येत नाही. कुठल्या दुकानात थांबणार आहात का? कुठल्या वास्तूत आत नेणार आणि कुठली नुसती बाहेरून दाखवणार? तिकिटं पैशांत धरलेली आहेत का? आणि माझा हुकमी प्रश्न: चौकातल्या या डच इमारती पहिल्यापासून लालच होत्या का? त्या आधी पांढऱ्या होत्या, लाल रंग इंग्रजांच्या काळात आला. हे जो आपणहून सांगतो, तो बाकीचंही नीट सांगेल असं मी धरून चालतो.

टेकडीच्या फेरीत सेंट पॉल चर्चसाठी पुरेसा वेळ मागून घ्या. मूळ प्रार्थनास्थळ 1521चं. आता छप्पर नाही, नुसत्या भिंती उभ्या आहेत आणि त्यांना टेकून पुरुषभर उंचीच्या डच थडग्यांच्या शिळा लावून ठेवल्यात. त्यांच्यावरची कुलचिन्हं, कोरीव अक्षरं बोट फिरवून वाचावीत इतकी स्पष्ट. जमिनीत जाळी बसवलेला एक रिकामा खड्डा आहे. संत फ्रान्सिस झेवियर चीनच्या किनाऱ्याजवळ वारले, त्यानंतर 1553मध्ये त्यांचा देह काही महिने इथे होता आणि मग गोव्याला नेला. जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या बासिलिकेत ज्यांनी दर्शन घेतलंय, ते त्या जाळीपाशी आपोआप गप्प होतात. टेकडीच्या पायथ्याशी किल्ल्याची एकच वेस उरली आहे. बाकी किल्ला इंग्रजांनी 1807मध्ये पाडला.

पलीकडच्या काठाची फेरी निवडताना दोन गल्ल्यांची नावं त्यात आहेत का, एवढंच बघा: जालान तुकांग एमास आणि तिला लागून असलेली जालान तोकोंग. पाच-दहा मिनिटांच्या चालीत सतराव्या शतकातलं चेंग हून तेंग हे चिनी देऊळ, 1748ची कांपुंग क्लिंग मशीद आणि 1781चं गणपतीचं देऊळ, श्री पोय्याथा विनायगर मूर्ती. मशिदीला घुमट नाही, तीन टप्प्यांचं उतरतं छप्पर आहे, आणि मिनार पॅगोडासारखा. गणपतीचं देऊळ चिट्टी समाजाचं. हे तमिळ व्यापाऱ्यांचे वंशज, घरात मलय बोलतात आणि देव मात्र आपलेच ठेवलेत. देवळात, मशिदीत जायचं तर खांदे-गुडघे झाकणारे कपडे आणि चटकन काढता येतील अशा चपला हव्यात. शुक्रवारी दुपारी मशीद टाळा.

वेळ असेल तर उजोंग पासिरची पोर्तुगीज वस्ती बघा, आणि तिथे शक्यतो वस्तीतलाच माणूस सोबत घ्या. पोर्तुगीजांशी नातं सांगणारी क्रिस्तांग बोली तिथे अजून कानावर पडते. आपल्या अलिबागपलीकडच्या कोर्लईत अशीच एक बोली आहे, तिची ही दूरची बहीण. ती ऐकायला मिळावी म्हणून तरी मी तिथे पुन्हा जाईन.

खाण्याचं आधी ठरवून ठेवा. शाकाहारी असाल तर ‘बेलाचान’ हा शब्द पाठ करा. जवळा आंबवून, वाळवून केलेला हा गोळा भाजीतही असतो, संबाल म्हणजे मिरचीच्या चटणीतही. नुसतं मांस नको म्हणून भागत नाही. चेंदोल मात्र निर्धास्त खा: बर्फ, नारळाचं दूध आणि वर माडाचा काळा गूळ, त्याचं नावच गुला मेलाका.

बाकीचं थोडक्यात. मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड पोहोचण्याच्या तीन दिवस आधीपासून सरकारी साइटवर फुकट भरता येतं, पैसे मागणाऱ्या साइटला बळी पडू नका. भारतीयांना 1 डिसेंबर 2023पासून 30 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, तरी तिकीट काढताना चालू नियम बघून घ्या. प्लग तीन चौकोनी पिनांचा लागतो. रिक्षात बसण्याआधी भाडं ठरवा. जोंकर स्ट्रीटचा रात्रीचा बाजार शुक्रवार ते रविवार भरतो. गर्दी नको असेल तर मंगळवार-बुधवार धरा. गावात रेल्वे नाही, क्वालालंपूरच्या टीबीएस बस स्थानकावरून बसला दोन तास लागतात. शनिवार-रविवारी जाणार असाल तर परतीचं तिकीट उतरल्या उतरल्या मेलाका सेंत्राल या बस स्थानकावरच काढून ठेवा.