बर्फात आधी घाम आवरा, मग थंडी

बर्फावर स्कीइंग किंवा चढाई करताना माणूस गारठतो तो बहुतेक वेळा स्वतःच्याच घामाने. चढावर अंग तापतं, आतला कपडा भिजतो आणि थांबलं की हुडहुडी भरते. म्हणून निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. दारातच उबदार वाटत असेल तर एक थर जास्त झालाय. तो सॅकमध्ये टाका. दहा मिनिटं चाललात की अंग तापतं.

अंगालगत मेरिनो लोकर किंवा पॉलिस्टर, 150 ते 200 ग्रॅम प्रति चौरस मीटर वजनाचं, अंगाला बेताचं चिकटणारं. सैल असेल तर घाम टिपला न जाता कातडीवरच राहतो. सुती बनियन, जीन्स अजिबात नको. सूत पाणी धरून ठेवतं. मेरिनो ओलं झालं तरी बऱ्यापैकी ऊब देतं, पॉलिस्टर लवकर वाळतं. फार घाम येत असेल तर पॉलिस्टरच घ्या.

त्यावर पातळ फ्लीस, म्हणजे मऊ लवदार सिंथेटिक कापडाचं स्वेटरसारखं, गळ्याशी चेन असलेलं. चढ लागायच्या आधीच चेन उघडा, टोपी काढा. पाठ भिजल्यावर उघडून उपयोग नाही.

सगळ्यात वर, कोरडा बर्फ आणि वारा असेल तर साधं विंडचीटर पुरतं. वॉटरप्रूफ जॅकेट ओल्या बर्फासाठी. ते कितीही भारी असलं तरी चढावरचा घाम तितक्या वेगाने बाहेर टाकू शकत नाही, म्हणून काखेतल्या चेन उघड्या ठेवा. पाण्याचे थेंब घरंगळायच्या ऐवजी कापडात मुरायला लागले की वाफ बाहेर जायची वाट अडते. आत ओल येते आणि जॅकेट गळतंय असं वाटतं. बरेचदा तो घामच असतो. थेंब पुन्हा घरंगळावेत म्हणून जॅकेट धुवा, लेबलवर परवानगी असेल तर ड्रायरमध्ये कमी तापमानावर फिरवा. फॅब्रिक सॉफ्टनर मात्र वापरू नका.

जाड जॅकेट सॅकमध्ये सगळ्यात वर. थांबलात की पाण्याच्या बाटलीआधी ते बाहेर काढायचं आणि बाकी काही न उतरवता वरूनच चढवायचं. त्यामुळे घेताना ढगळच घ्या. पिसांचं जॅकेट भिजलं की पिसं गोळा होतात, ऊब जाते. हवा दमट असेल तर सिंथेटिक भरणाचं बरं.

मोजे एकच जोडी, लोकरीचे. दोन कोंबले की बूट आवळतो, रक्त नीट फिरत नाही आणि बोटं आणखी गार पडतात. हातमोज्यांची मात्र कोरडी जोडी जवळ असू द्या.