गाडी बघायला जाण्याआधी विम्याचा कोट काढा

मँचेस्टरजवळ स्टॉकपोर्टला राहून आम्हाला आता चौदा वर्षं होतील. दर वर्षी कुणी ना कुणी नवीन येतं, कुणी आयटीतलं, कुणी हॉस्पिटलात लागलेलं. घर मिळालं, बँकेचं खातं उघडलं, पोहे नि तूरडाळ कुठे मिळते ते कळलं, की साधारण तिसऱ्या महिन्यात फोन येतो, "दादा, गाडी कुठली घेऊ?" खरं तर त्यानं ती मनात घेऊन टाकलेलीच असते. हल्ली दोनच प्रकार ऐकू येतात. एक तर इलेक्ट्रिक, कारण पुढे सगळं तेच होणार. नाहीतर दोन दारांची, टप उघडणारी, कारण "ती इथे नाही चालवायची तर कुठे, सिन्नरच्या फाट्यावर?"

मी उलट एवढंच विचारतो, "पोस्टकोड काय तुझा?"

मागच्या हिवाळ्यात नाशिकचा एक मुलगा आमच्या स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून बसला होता. वय २९, भारतात आठ वर्षं गाडी चालवलेली, एकही क्लेम नाही. विमा कंपन्यांच्या कोटची, म्हणजे त्या सांगतात त्या प्रीमियमची, तुलना करणाऱ्या साइटवर गाडीचा नंबर टाकला की तिची सगळी कुंडली आपोआप भरली जाते, त्यामुळे विक्रीला असलेल्या तीन गाड्यांचे नंबर आम्ही तेवढे टाकत गेलो. चार वर्षं जुनी इलेक्ट्रिक टेस्ला मॉडेल ३ : २६४० पौंड. २०१२ ची माझदा एमएक्स-५, म्हणजे ती दोन दारांची, टप उघडणारी : ११८०. साधी छोटी टोयोटा यारिस : ८९०. त्यानं पान तीनदा रिफ्रेश केलं. चहा निवला, आकडे काही हलले नाहीत. "स्पोर्ट्स कारपेक्षा चार दारांच्या गाडीचा विमा दुपटीहून जास्त?" हो. आणि तो वर्षाला, दर वर्षी.

हे आकडे त्याचे, तुमचे वेगळे येतील. पण ते असे का येतात ते समजून घ्या, कारण आपल्याकडची सवय इथे उलटी पडते. भारतात विमा गाडीचा असतो. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं : १५०० सीसीच्या वरच्या खासगी गाडीला ७८९७ रुपये, मग चालवणारा कुणीही असो. इलेक्ट्रिकला त्यात १५ टक्के सूटही आहे. पॉलिसी गाडीला चिकटलेली असते. मालकानं किल्ली दिली आणि लायसन्स असलं की मेव्हण्यानं चालवली तरी चालते. ब्रिटनमध्ये विमा चालवणाऱ्याचा असतो. पॉलिसीवर ज्याचं नाव, त्यानंच चालवायची. तुम्ही काय काम करता, कुठे राहता, या देशात किती वर्षं आहात, गाडी रात्री कुठे उभी असते, वर्षाला किती मैल चालणार, हे सगळं विचारलं जातं. बाई की बुवा यावरून फरक करायला मात्र डिसेंबर २०१२ पासून बंदी आहे. वर प्रत्येक प्रीमियमवर १२ टक्के कर.

तुमची आठ वर्षांची पुण्याई इथे बहुधा शून्य धरली जाते. बहुतेक कंपन्या भारतातला नो क्लेम बोनस मानत नाहीत, मोजक्या काही मानतात. म्हणून निघण्याआधीच जुन्या विमा कंपनीकडून इंग्रजीत पत्र घेऊन ठेवा. इथे आल्यावर ते मागवताना काय होतं ते मला विचारू नका.

आता लायसन्स, कारण इथेच नवीन माणूस फसतो. भारतीय लायसन्सवर तुम्ही इथे राहायला आल्यापासून १२ महिने गाडी चालवू शकता. पुढे नाही. ते बदलूनही मिळत नाही, आणि आंतरराष्ट्रीय परमिटनं मुदत वाढत नाही. प्रोव्हिजनल (इथलं शिकाऊ लायसन्स) काढा, थिअरी द्या (५० पैकी ४३ प्रश्न बरोबर हवेत, शिवाय रस्त्यावरचे धोके ओळखायचे व्हिडिओ), मग प्रॅक्टिकल. प्रॅक्टिकलच्या तारखा कित्येक महिने पुढच्या मिळतात, तेव्हा पहिल्याच महिन्यात कामाला लागा. 'यूके फुल लायसन्स' हा पर्याय निवडता आला की कोट बहुधा लक्षात येण्याइतका उतरतो.

आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही : टेस्ट ऑटोमॅटिकवर दिलीत तर लायसन्स ऑटोमॅटिकपुरतंच मिळतं. प्रत्येक इलेक्ट्रिक गाडी ऑटोमॅटिकमध्ये मोडते. मित्राच्या इलेक्ट्रिकवर सराव केला, त्यावरच पास झालो, आणि दोन वर्षांनी एमएक्स-५ घ्यायची हुक्की आली, की पुन्हा परीक्षा. पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून दाबून डावा पाय तयार झालेला असतो. तो फुकट घालवू नका, टेस्ट गिअरच्या गाडीवरच द्या.

इलेक्ट्रिकचा विमा का चढा? इथे गाड्यांचे १ ते ५० असे विमा-गट असतात, १ सगळ्यात स्वस्त, ५० सगळ्यात महाग. (२०२४ पासून मोजायची नवी पद्धत सुरू झाली आहे, पण कोट काढताना अजून हे गट दिसतात.) जुनी मॉडेल ३ ही ४८ ते ५० मध्ये, म्हणजे पार शेवटच्या बाकावर बसलेली. निस्सान लीफ, तीही इलेक्ट्रिकच, मात्र विशी-पंचविशीत. म्हणजे बॅटरी आहे म्हणून महाग, असं सरसकट नाही. गाड्यांची जोखीम मोजणाऱ्या थॅचम रिसर्चनं २०२३ मध्ये आकडे दिले होते : इलेक्ट्रिकचे क्लेम साधारण २५.५ टक्के महाग पडतात आणि दुरुस्तीला १४ टक्के जास्त वेळ लागतो. कारण सोपं आहे. बॅटरी गाडीच्या पोटाखाली सपाट पसरलेली असते. फुटपाथच्या कडेवर गाडी जोरात घासली तर पत्रा ठोकून भागत नाही, आतल्या बॅटरीला काही झालंय का ते तपासावं लागतं. ते तपासणारे, हाय व्होल्टेजचं प्रशिक्षण घेतलेले कारागीर कमी. तोवर गाडी पडून, आणि तुम्हाला दिलेल्या बदली गाडीचं भाडं विमा कंपनीच्या डोक्यावर. बॅटरीची खात्री देता येत नसेल तर एरवी धडधाकट गाडीही भंगारात काढतात. त्यातून नवशिक्याच्या पायाखाली पाच-सहा सेकंदांत ताशी शंभर किलोमीटर गाठणारी मोटर.

एमएक्स-५ स्वस्त का? ती दिसते तशी राक्षस नाही. हलकी, जोर बेताचा, सुटे भाग मुबलक. आणि ती घेणारे बरेचसे पन्नाशीचे काका, रविवारी ऊन पडलं तर काढणारे. त्यांच्या सावकाशीचा फायदा तुम्हाला मिळतो. पण हे गणित सगळ्या हौशी गाड्यांना लावू नका. तेवढ्याच किमतीच्या हॉट हॅचचा (छोटी गाडी, दणकट इंजिन) कोट काढा, धक्का बसेल. ती पोरांची आवडती आणि चोरांचीही. जपानहून थेट आणलेली गाडी असेल तर कित्येक कंपन्या कोटच देत नाहीत.

गाडीत केलेला प्रत्येक बदल कळवावा लागतो : अलॉय, सायलेन्सर, रीमॅप (इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलणं), सगळं. हे मी पैसे मोजून शिकलो. माझ्या पहिल्या एमएक्स-५ चा सायलेन्सर आधीच्या मालकानं बदललेला होता. मला वाटलं, आवाज असाच असतो. मागून एकानं ठोकल्यावर सर्व्हेयरनं खाली वाकून टॉर्च मारला आणि वहीत काहीतरी लिहिलं. नंतर दोन महिने पत्रव्यवहार, आणि हातात आलेली रक्कम अपेक्षेहून बरीच कमी. तेव्हा जुनी हौशी गाडी घेताना तुम्हीही खाली वाका.

आता चालवण्याचं. आमच्याकडे दोन्ही आहेत, म्हणून बोलायचा हक्क आहे असं समजतो. बायकोची इलेक्ट्रिक एमजी ४, हॉस्पिटलला जाण्या-येण्यासाठी. माझी २००७ ची एमएक्स-५, १.८ लिटरची. एमजी सुमारे साडेसोळाशे किलो, माझी अकराशेच्या आसपास. सिग्नल सुटला की एमजीत पाठ सीटला चिकटते, आवाज नाही, धक्का नाही. पहिला आठवडा माणूस लहान मुलासारखा हसतो. तिसऱ्या आठवड्यात ती लिफ्ट होते : बटण दाबलं, मजला आला. जानेवारीच्या सकाळी फोनवरून आधीच गरम करून ठेवलेल्या त्या लिफ्टचा मला हेवाही वाटतो, कारण तेव्हा माझ्या गाडीच्या कापडी टपावर शेवाळ आणि बॅटरी बसलेली असते. रस्त्यावर टाकलेलं मीठ मागच्या चाकांवरचा पत्रा खातं ते वेगळंच.

पण मॅक्लसफील्डहून बक्स्टनला जाणारा ए५३७ घ्या. कॅट अँड फिडल रोड म्हणतात त्याला. एका बाजूला दगडी कुंपण, दुसरीकडे उघडा माळ, वळणावर वळण. कास पठाराच्या वाटेवर धुकं नि पाऊस एकत्र यावेत तसं वातावरण. पूर्वी इथे इतके अपघात व्हायचे की सरासरी वेग मोजणारे कॅमेरे लावले, मर्यादा ताशी ५० मैल. एमजीत ५० म्हणजे काहीच नाही. गाडी पेंगते, तुम्हीही. माझ्या गाडीत ५० म्हणजे दुसऱ्या गिअरवरून तिसरा, वळणात स्टिअरिंग हाताला सांगतं की पुढची चाकं कशावर आहेत, बूड रस्त्यापासून वीतभर, आणि काटा बघावा तर ४६. वेगाची मर्यादा न मोडता वेगाची सगळी मजा येते. इथे वेगाचा दंड झाला की लायसन्सवर तीन पॉइंट (दंडाचे गुण), आणि विमा कंपन्या पुढची पाच वर्षं त्याबद्दल विचारतात. कमी ताकदीची गाडी या देशात जास्त मजा देते हे मला तिथे कळलं. ह्युंदाईची इलेक्ट्रिक आयोनिक ५ एन मी एकदा चालवून पाहिली. खोटे गिअर, खोटा इंजिनाचा आवाज, आणि तरीही भन्नाट. पण तिचं वजन सव्वादोन टनांच्या घरात, आणि विमा विचारायचा मी धीर केला नाही.

रोजच्या खर्चात इलेक्ट्रिक जिंकते, पण घरासमोर स्वतःची गाडी उभी करायला जागा असेल तरच. रात्रीच्या दरात घरी युनिट सात-आठ पेन्सला पडतं. रस्त्यावरच्या जलद चार्जरवर सत्तर-ऐंशी पेन्स, शिवाय घरच्या विजेवर ५ टक्के व्हॅट आणि बाहेरच्यावर २०. नवीन माणूस बहुधा ओळीतल्या घरात नाहीतर फ्लॅटमध्ये भाड्यानं राहतो, म्हणजे दुसरा दर त्याच्या वाट्याला. रस्ता कर इलेक्ट्रिकलाही एप्रिल २०२५ पासून लागला, वर्षाला १९५ पौंडांनी सुरुवात झाली, आणि २०२८ पासून मैलामागे ३ पेन्स घेण्याचं सरकारनं जाहीर केलं आहे. माझ्या जुन्या गाडीचा कर तीन-चारशे पौंड जातो, तेव्हा मी फार हसत नाही. लंडनला राहणाऱ्यांनी २००६ च्या आधीची पेट्रोल गाडी घेताना युलेझ (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरचा लंडनचा आकार) तपासावं, नाहीतर चालवाल त्या दर दिवशी साडेबारा पौंड.

ऑफिसातून पगार कापून इलेक्ट्रिक लीजवर मिळते आणि त्यात बरेचदा विमाही असतो. नो क्लेम शून्य असलेल्यासाठी ही वाट खरंच चांगली. फक्त व्हिसावर असाल तर कापलेला पगार किमान मर्यादेखाली जात नाही ना, आणि नोकरी सुटली तर गाडी परत करायला किती पडतील, हे आधी एचआरला लेखी विचारा.

कोट काढताना : पॉलिसी सुरू होण्याच्या तीन-साडेतीन आठवडे आधी काढा, आदल्या रात्री काढला तर बराच महाग येतो. गाडी स्टेशनवर लावून पुढे ट्रेननं ऑफिसला जाणार असाल तरी 'कम्युटिंग' (कामावर जाणं-येणं) निवडा. बायकोचं नाव जोडल्यानं कधी कधी प्रीमियम उतरतो, पण मुख्य चालक खरा तोच लिहा. खोटं लिहिणं ही फसवणूक धरतात. हप्त्यांवर व्याज असतं, जमलं तर एकरकमी भरा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी 'ओळखीनं' निम्म्या किमतीत पॉलिसी देतो म्हणाला तर त्याला लांब ठेवा. कागद हुबेहूब असतो, पण विमा असलेल्या गाड्यांची नोंद असते त्या मोटर इन्शुरन्स डेटाबेसमध्ये तुमची गाडी नसते. पोलिसांनी अडवलं तर ३०० पौंड आणि सहा पॉइंट. इथली टेस्ट पास होऊन दोन वर्षं झाली नसतील तर सहा पॉइंटला लायसन्सच जातं.

नाशिकच्या मुलानं यारिस घेतली. गिअरची. तोंड वाकडं करून घेतली, पण घेतली. नो क्लेमचं दुसरं वर्ष पुरं झालं की एमएक्स-५, असं ठरलंय. परवा आला होता तेव्हा माझी गाडी बघायला गॅरेजमध्ये गेला. 'रात्री गाडी कुठे असते' या प्रश्नाला मी 'कुलूपबंद गॅरेज' लिहितो, आणि ते खरं असावं म्हणून गणपतीचं मखर, चार रिकाम्या सूटकेसी आणि बायकोची कुंडीची माती माळ्यावर न्यावी लागली आहे. मखर उतरवायला यंदा त्यालाच बोलावणार आहे.